हप्ता, भाडे आणि रिकामे महिने

वाचकांचे प्रश्न, सल्लागाराची उत्तरे

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून पाच वर्षांपासून नोकरी करीत आहे. पगाराच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी बचत दरमहा होते. घरातील वडीलधारी मंडळी आणि कार्यालयातील सहकारी एकच गोष्ट सांगतात की, तरुणपणीच कर्ज काढून एक घर घ्यावे आणि भाड्याने द्यावे. भाड्यातून हप्ता फिटत जातो आणि वीस वर्षांनी घर जणू फुकटात पदरी पडते. किमतीच्या २० टक्के रक्कम मी जमवली आहे, मात्र ती भरल्यावर हाती काही उरणार नाही. तरीही भाव वाढत असल्यामुळे थांबायची भीती वाटते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहून गेला आहात, ते म्हणजे रक्कम भरल्यावर हाती काही उरणार नाही. भाव, परिसर, व्याजदर या साऱ्यांच्या आधी मी आपल्याला एकच प्रश्न विचारेन : घर रिकामे पडले आणि त्याच सुमारास पगारही थांबला, तर आपण किती महिने हप्ता भरू शकाल? आजचे आपले उत्तर ‘एकही नाही’ असे आहे. ते उत्तर बदलेपर्यंत घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यामागचा हिशेब समजून घेतल्याशिवाय आपण ते मानावे, अशी अपेक्षा नाही.

‘भाड्यातून हप्ता फिटतो’ हे विधान आधी कागदावर तपासू. घराची किंमत १०० धरा, म्हणजे चलन आणि शहर कोणतेही असले तरी आकडे लागू पडतील. आपले २० आणि कर्जाचे ८०. व्याजदर ८.५ टक्के आणि मुदत २० वर्षे धरल्यास वर्षभराचे हप्ते मिळून सुमारे ८.३ होतात. आता भाडे पाहू. वर्षाचे भाडे किमतीच्या ४ टक्के, म्हणजे ४ आहे असे समजा. भाडेकरू बदलताना वर्षाकाठी सरासरी एक महिना घर रिकामे राहिले तर ०.३३ गेले, देखभाल, डागडुजी, कर, विमा आणि दलाली यांत आणखी ०.६७ गेले. निव्वळ हाती ३ राहिले. हप्ता ८.३ आणि भाडे ३, म्हणजे दरसाल ५.३ ची तूट आपल्या पगारातून भरायची आहे. भाडे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेले असे मानले, तरी पहिल्या पाच वर्षांत खिशातून घालावी लागणारी रक्कम सुमारे २५ होते. सुरुवातीला जमवलेल्या २० पेक्षाही ती मोठी आहे. म्हणजे आपण २० भरून घर घेत नसून, पाच वर्षांत ४५ भरण्याचे वचन देत आहात. ही दुसरी रक्कम सल्ला देणाऱ्यांच्या तोंडी सहसा येत नाही, कारण ती एकरकमी न जाता दरमहा थोडीथोडी जाते आणि म्हणून डोळ्यांत भरत नाही.

ही तूट मुद्दल फेडण्यात जाते, मग ती वाया कशी, असे कोणी म्हणेल. कर्जाच्या हप्त्याची रचना मात्र तशी नसते. सुरुवातीच्या हप्त्यात व्याजाचा वाटा मोठा आणि मुद्दलाचा लहान असतो. वरील उदाहरणात पहिल्या हप्त्यापैकी पाचव्या हिश्शाहूनही कमी रक्कम मुद्दलात जमा होते. पाच वर्षे नियमित हप्ते भरल्यावरही ८० पैकी सुमारे ७०.५ शिल्लकच असतात, आणि अर्धे मुद्दल फिटायला जवळजवळ चौदा वर्षे लागतात. आता पाचव्या वर्षाअखेर घर विकावे लागले, असे धरू. आपले ४५, शिल्लक कर्ज ७०.५ आणि खरेदी-विक्रीचा खर्च, म्हणजे नोंदणी, मुद्रांक, वकील, दलाली, मिळून ७ धरल्यास बेरीज १२२.५ होते. घराचा भाव पाच वर्षांत तेवढा झाला, म्हणजे दरसाल सुमारे ४ टक्क्यांनी वाढला, तर आपण घातलेले पैसे जसेच्या तसे परत मिळतात. त्यावर एक पैसाही व्याज नाही.

हेच गणित वर्षाचे भाडे किमतीच्या ८ टक्के असलेल्या ठिकाणी मांडून पाहावे. निव्वळ ६ हाती येत असतील, तर पाच वर्षांची एकूण तूट साडेआठच्या आसपास राहते आणि आपले पैसे सुटण्यासाठी भाव दरसाल सव्वा टक्क्याने वाढला तरी पुरते. दोन्ही ठिकाणी कर्ज तेच, व्याजदर तोच, हप्ता तोच; फरक केवळ किंमत आणि भाडे यांच्या प्रमाणाचा आहे. म्हणून जाहिरातीतील भाववाढीचे आलेख बाजूला ठेवून प्रत्येक घराच्या बाबतीत आधी वर्षाच्या निव्वळ भाड्याला एकूण खर्चासह पडलेल्या किमतीने भागावे. आलेला आकडा कर्जाच्या व्याजदरापेक्षा बराच खाली असेल, तर कर्जाने घेतलेला प्रत्येक हिस्सा आपल्याला दरसाल तोट्यात ठेवतो, आणि तो तोटा भाववाढीने भरून निघेल या आशेवर सारा व्यवहार उभा राहतो.

भाववाढीवर विसंबणे किती शहाणपणाचे, याबद्दल इतिहास बोलका आहे. ॲमस्टरडॅममधील हेरेनग्राख्त या कालव्याकाठच्या घरांच्या विक्रीच्या नोंदी सतराव्या शतकापासून उपलब्ध आहेत. पीट आयखहोल्ट्झ या अर्थतज्ज्ञांनी १६२८ ते १९७३ या काळातील त्या नोंदींवरून भावनिर्देशांक तयार केला. महागाई वजा जाता त्या घरांचे भाव या जवळजवळ साडेतीनशे वर्षांत जेमतेम दुप्पट झाले, आणि मधल्या काळात ते अनेकदा खोल पडले. तोही परिसर सामान्य नव्हता. शहरातील धनिकांच्या वाड्यांची ती रांग होती. याचा अर्थ घर ही वाईट गुंतवणूक आहे, असा मात्र काढू नये. सोळा प्रगत देशांतील १८७० ते २०१५ या काळातील परताव्यांचा अर्थतज्ज्ञ ऑस्कर जॉर्डा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा महागाई वजा जाता घरांचा सरासरी परतावा समभागांच्या तोडीचा निघाला. मात्र त्यातील मोठा वाटा भाड्याचा होता, भाववाढीचा लहान. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली कमाई भाडेकरूने दिली आहे, बाजाराने नव्हे, असे त्यावरून म्हणता येते. शिवाय ती सरासरी हजारो घरांची आहे. आपल्याकडे एकच घर असणार आणि त्याचे छत गळू लागले की सरासरी उपयोगी पडत नाही.

थांबल्यास भाव हाताबाहेर जातील, ही भीती मला समजते. पण ती भीती नेहमी वाढत्या बाजारातच वाटते, हेही ध्यानात घ्यावे. जपानमध्ये जमीन कधी उतरत नाही, असा समज १९८० च्या दशकात पक्का झाला होता. तेथील मोठ्या शहरांतील जमिनीचे भाव १९९१ च्या शिखरानंतर सुमारे पंधरा वर्षे उतरत राहिले. अमेरिकेत २००६ ते २०१२ या काळात घरांचे भाव देशभराच्या सरासरीने चौथाईहून अधिक घसरले. अशा वेळी कर्ज दुधारी होते. १०० च्या घरात आपले २० असतील आणि भाव १० टक्क्यांनी वाढला, तर आपल्या २० चे ३० होतात, म्हणजे ५० टक्के वाढ; भाव १० टक्क्यांनी उतरला तर २० चे १० राहतात. २० टक्के उतरला तर कागदावर आपले काहीच उरत नाही. तरीही ज्याला विकावे लागत नाही, त्याचे नुकसान कागदावरच राहते. पडत्या बाजारात खरोखर बुडतो तो, ज्याचा हप्ता थकला आणि ज्याला भाव पडलेला असतानाच घर सोडावे लागले. राखीव रकमेचा आग्रह मी धरतो, तो याच कारणासाठी.

येथे वडीलधाऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ते चुकीचे सांगत नाहीत, अर्धे सांगतात. हप्ता ठरलेला असतो आणि भाडे व पगार वाढत जातात. भाडे दरसाल ५ टक्क्यांनी वाढले, तर साधारण चौदा वर्षांत दुप्पट होते. म्हणून दहा-बारा वर्षांनंतर तूट नगण्य वाटू लागते आणि वीस वर्षांनी मागे वळून पाहणाऱ्याला सारा प्रवास सोपा दिसतो. मात्र सर्वांत कठीण असलेली पहिली पाच-सात वर्षे नेमकी आपल्या वयाच्या त्या टप्प्यात येतात, जेव्हा नोकरी बदलते, गाव बदलते, लग्न ठरते, पुढचे शिक्षण खुणावते. व्याजदर बदलता असेल, तर हप्ताही ठरलेला राहत नाही. मी स्वतः पहिले घर घेतले तेव्हा दुसऱ्याच वर्षी भाडेकरू सोडून गेला, वरच्या मजल्यावरून पाणी झिरपू लागले आणि दुरुस्ती होईपर्यंत चार महिने घर रिकामे राहिले. ते हप्ते मी मोठ्या बहिणीकडून उसने घेऊन भरले. घर वाचले, पण चार महिने तिच्यासमोर जाताना माझी मान खाली होती, हे सांगायला हरकत नाही.

तेव्हा सुरुवात कोठून करावी? आपल्या घरखर्चाचे सहा महिने आणि त्याखेरीज हप्त्याचे किमान सहा महिने, इतकी रक्कम सहज मोडता येईल अशा ठेवीत बाजूला ठेवावी. आपल्या बचतीच्या वेगाने याला वर्ष-दीड वर्ष लागेल. तो काळ वाया जात नाही. एकच परिसर निवडून, जेथे आपण स्वतः चालत फिरू शकता असा, त्यातील मागितलेली भाडी आणि प्रत्यक्ष ठरलेली भाडी यांची वही ठेवावी. घर किती दिवसांत भाड्याने गेले, भाडेकरू का सोडून गेले, पाणी आणि वाहतूक यांची अवस्था कशी आहे, हे भाडेकरूच्या नजरेने पाहावे. पन्नास घरांच्या नोंदी झाल्या की दलालाने सांगितलेला आकडा ऐकताक्षणी खरा-खोटा कळू लागतो. याला दुसरा पर्याय मला ठाऊक नाही.

याच काळात स्थावर मालमत्तेशी ओळख करून घ्यायची असेल, तर रीट, म्हणजे स्थावर गुंतवणूक न्यास, यांची एकके थोडी थोडी घेता येतात. ही व्यवस्था अमेरिकेत १९६० च्या कायद्याने सुरू झाली आणि पुढे अनेक देशांनी स्वीकारली. अनेकांचे पैसे एकत्र करून कार्यालये, दुकाने, गोदामे किंवा घरे घेतली जातात आणि करपात्र उत्पन्नाचा मोठा हिस्सा, अमेरिकेच्या नियमानुसार किमान ९० टक्के, धारकांना वाटावा लागतो. एककांचा भाव बाजारात रोज वर-खाली होतो, त्याची सवय करावी लागते. मात्र गळके छत आणि रात्रीचा दूरध्वनी आपल्या वाट्याला येत नाही, आणि पैसे लागल्यास संपूर्ण घर विकायची वेळ येत नाही.

आणखी एक वाट आहे, जी आपल्या वयात विशेष सोयीची ठरते. स्वतः राहण्यासाठी थोडे मोठे घर घेऊन त्यातील एक-दोन खोल्या भाड्याने द्याव्यात. आपले जाणारे भाडे वाचते, येणारे भाडे हप्त्याला लागते, आणि स्वतःच्या राहत्या घरासाठी पुष्कळ ठिकाणी कर्जाच्या अटी गुंतवणुकीच्या घरापेक्षा सौम्य असतात. एकांताची किंमत मोजावी लागते, ती आपली आपण ठरवावी.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी एकाच कार्यालयात काम करतो. एकटीला परवडत नाही म्हणून दोघींनी निम्मेनिम्मे भरून, संयुक्त कर्जावर एक लहान घर भाड्याने देण्यासाठी घ्यावे, असा विचार आहे. मैत्री जुनी आणि विश्वासाची आहे. काही काळजी घ्यावी का?

उत्तर : मैत्री जुनी आहे म्हणूनच लेखी करार करावा. बहुतेक संयुक्त कर्जांत प्रत्येक कर्जदार निम्म्या नव्हे, तर संपूर्ण कर्जाला बांधील असतो. आपल्या मैत्रिणीचा हप्ता थकला, तर वित्तसंस्था ‘माझा वाटा मी भरला’ हे आपले उत्तर ऐकून घेत नाही, आणि थकबाकीची नोंद दोघींच्याही नावे होते. दुसरी गोष्ट अशी की, पुढे आपल्याला एकटीला राहण्यासाठी घर घ्यायचे झाले, तर कर्ज मंजूर करताना या संयुक्त कर्जाचा संपूर्ण हप्ता आपल्या खाती धरला जाण्याची शक्यता असते. आज एकमेकींमुळे वाढलेली पत उद्या एकमेकींमुळे अडू शकते.

करारात मालकीचे प्रमाण, भाडे आणि खर्च कोणत्या खात्यातून होणार, एकीची नोकरी गेल्यास दुसरीने किती महिने भार उचलायचा आणि त्या बदल्यात तिला काय मिळणार, हे तर हवेच. पण खरा पेच बाहेर पडण्याचा असतो. एकीला परदेशी जायचे आहे, दुसरीला विकायचे नाही, आणि तिचा हिस्सा विकत घेण्याइतके पैसेही नाहीत, ही स्थिती काल्पनिक नाही. म्हणून हिस्सा आधी दुसरीला देऊ करायचा, किंमत तटस्थ मूल्यांककाने ठरवायची, ठरलेल्या मुदतीत तिने घेतला नाही तर संपूर्ण घर विकायचे, असे कलम आजच, दोघी प्रसन्न असताना लिहावे. दोघींपैकी कोणाचे निधन झाल्यास तिच्या वारसांशी व्यवहार करावा लागेल, त्याचीही तरतूद असावी. सामाईक राखीव निधी प्रत्येकीच्या बचतीपासून वेगळा ठेवावा. हे सारे बोलताना संकोच वाटत असेल, तर मी घर घेण्याचा विचार पुढे ढकलेन.

प्रश्न : घराऐवजी मोकळा भूखंड घेऊन ठेवला तर? भाडेकरूची कटकट नाही आणि जमीन कमी पडतच जाणार आहे.

उत्तर : भाडेकरूची कटकट नाही आणि भाडेही नाही. वर मांडलेल्या हिशेबात निव्वळ भाड्याच्या जागी शून्य घालून पाहावे, म्हणजे तूट किती वाढते ते कळेल. कर, कुंपण, अतिक्रमणावर लक्ष ठेवणे हा खर्च मात्र चालूच राहतो. भूखंडासाठी कर्ज तुलनेने कमी आणि कडक अटींवर मिळते, गिऱ्हाईक यायला वेळ लागतो, आणि जमिनीचा वापर कशासाठी करता येईल हे नियोजनाच्या नियमांवर अवलंबून असते. संपूर्ण रक्कम स्वतःची असेल, मालकीहक्काची कागदपत्रे वकिलाने तपासली असतील आणि पुढील दहा वर्षे ते पैसे लागणार नसतील, तरच विचार करावा. पहिल्या गुंतवणुकीसाठी मी हा मार्ग सुचवत नाही.

प्रश्न : तयार घरापेक्षा बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील घर १० टक्के स्वस्त मिळत आहे. ताबा तीन वर्षांनी मिळणार आहे. गुंतवणूक म्हणून हे फायद्याचे नाही का?

उत्तर : सवलत नेमकी कशाची आहे, ते पाहावे. तयार घराची किंमत १०० आणि हे घर ९० ला आहे. तयार घराने तीन वर्षांत दरसाल ३ या दराने निव्वळ ९ भाडे दिले असते. म्हणजे १० पैकी ९ ही आपण गमावणार असलेल्या भाड्याचीच भरपाई आहे. उरलेल्या एकातून, बांधकाम चालू असताना दिल्या गेलेल्या कर्जावरील व्याज आणि आपण स्वतः राहत असलेल्या घराचे भाडे एकाच वेळी भरण्याचा ताण सोसायचा आहे. दुसऱ्या बाजूला, पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे असतील तर सुरुवातीला व्याज कमी लागते, हे मान्य करावे लागेल. म्हणून भरणा बांधकामाच्या टप्प्यांशी जोडलेला आहे की नुसत्या तारखांशी, हे करारात आधी शोधावे. तारखांशी जोडलेला असेल, तर काम थांबले तरी आपले पैसे जातच राहतात.

त्यानंतर ताबा एक वर्ष उशिरा मिळेल असे गृहीत धरून हिशेब पुन्हा मांडावा. त्या एका वर्षाचे ३ वजा करताच सवलत संपून वर २ चा तोटा दिसतो. बांधकाम व्यावसायिकाने याआधी पूर्ण केलेल्या दोन-तीन इमारतींत जाऊन, तेथील रहिवाशांना ठरलेली तारीख आणि किल्ली हाती आल्याची तारीख विचारावी. जमिनीची मालकी, बांधकामाच्या परवानग्या आणि जमिनीवरील आधीचे तारण यांची तपासणी स्वतःच्या वकिलाकडून करून घ्यावी, विक्रेत्याने सुचवलेल्या वकिलाकडून नव्हे. एवढे करूनही व्यवहार पटत असेल, तर १० टक्क्यांवर न थांबता १५ टक्के सवलत मागावी, आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याची भरपाई किती मिळणार तो आकडा करारात लिहून घ्यावा.